संपला की गळला?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

'गॅस' हा शब्द आमच्या सायखेड्यात इतक्या ठिकाणी वापरला जातो, की मराठीच्या एखाद्या अभ्यासकाने त्यावर छोटासा निबंध लिहायला हरकत नाही. स्वयंपाकघरात गॅस असतो. पोटात गॅस होतो. वेल्डिंगच्या दुकानात दोन नळ्यांचा गॅस असतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहातला अख्खा वर्ग 'गॅसवर' असतो. या शब्दाबरोबर आपण दोनच क्रियापदे वापरतो : गॅस संपतो आणि गॅस भरतात. चुलीपुरते ते अगदी बरोबर आहे. टाकीतला गॅस जळतो, म्हणून तो संपतो. पण हीच दोन क्रियापदे आपण मोटारीच्या एसीलाही लावली आणि तिथे मात्र भाषेने घोटाळा केला. कारण एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही, म्हणून तो संपतही नाही.

कला शाखेच्या मुलीने मोटारीच्या एसीवर का लिहावे, असे आमच्या सरांना वाटेल. त्याचे कारण घरातच आहे. आमच्या आजीला गेल्या दोन वर्षांपासून डायलिसिस लागते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, तेही नाशिकला. पूल ओलांडून चांदोरी, मग ओढा, मग नाशिक, असा पंचवीस-तीस किलोमीटरांचा रस्ता. त्यासाठीच अण्णांनी एक जुनी, लहान पेट्रोल गाडी घेतली. गावात काहींना वाटले की द्राक्षाला भाव मिळाला. वाटो बिचाऱ्यांना.

डायलिसिसच्या रुग्णाचे एक दुःख बाहेरच्याला कळत नाही. त्याला पाणी मोजून प्यावे लागते. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून प्यालेले पाणी अंगातच साठते. अंगावर सूज येते, धाप लागते. डॉक्टरांनी आजीला दिवसाचे माप ठरवून दिले आहे. चहा, वरण, औषधाबरोबरचा घोट, सगळे त्यातच. आयुष्यभर गोदावरीच्या काठी राहिलेली बाई, अंगणापर्यंत आलेले पुराचे पाणी पाहिलेली बाई, आता तांब्याकडे पाहून मान फिरवते. अशा माणसाला एप्रिल-मे महिन्यात दुपारी दीड वाजता, मशीनवरून नुकतेच उतरवलेले असताना, चाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या गाडीत बसवायचे म्हणजे काय, ते एकदा बरोबर जाऊन पाहावे. काचा उघडल्या तर फुफाटा आणि ट्रकचा धूर. बंद ठेवल्या तर भट्टी. घशाला कोरड पडते आणि पाणी मागता येत नाही. आमच्या घरात एसी ही चैन नव्हती. मापातल्या पाण्यावर दिवस काढण्याचा तो एक उपाय होता.

आणि तोच एसी सारखा बंद पडत होता. म्हणजे पंखा चालू, आवाज चालू, हवा मात्र बाहेरच्यासारखीच. एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून सांगितले, "गॅस संपलाय." भरून दिला. तीन-चार महिने बरे गेले. पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथेही वाक्य तेच आणि बिलही जवळपास तेच. चौदा महिन्यांत तीनदा गॅस भरला. तिसऱ्या वेळी अण्णांनी पाकिटातून पैसे काढताना विचारले, "अहो, हा जातो कुठे?" त्यावर तो माणूस म्हणाला, "उन्हाळा आहे, एसी जास्त चालतो, संपणारच." जसे काही आम्ही त्यावर पुरणपोळ्याच भाजत होतो.

मग अण्णांना कोणीतरी सांगितले, की हल्ली गॅसचा डबा घरपोच मिळतो. त्याला एक नळी, नळीला एक तबकडी, तबकडीवर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. अमेरिकेत तर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात असे डबे सर्रास मिळतात आणि लोक घराच्या दारात उभे राहून स्वतःच गॅस भरतात. अण्णांनी डबा मागवला. सुदैवाने तो येऊन पडला त्याच आठवड्यात मामेभाऊ पुण्याहून सुट्टीला आला. त्याने आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा कोर्स केला आहे आणि आता तो तेच काम करतो. दादाने डबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मामा, हा भरला तर पुन्हा चार महिने. आधी भोक शोधू."

त्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबाखाली जे काही मी पाहिले आणि विचारून घेतले, ते इथे सांगते. एरवी बॉनेटभोवती पुरुषांचा घोळका असतो आणि आपण चहाचे कप आणून द्यायचे असतात. मी कप ठेवले आणि तिथेच थांबले.

आधी एसी चालतो कसा? माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. गाडीतही हेच. फरक इतकाच, की माठातली वाफ हवेत निघून जाते आणि माठ रिकामा होतो. गाडीतली वाफ मात्र कोंडून ठेवलेली असते. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते आणि ती गाडीतली उष्णता घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते, आणि एका बारीक झडपेतून परत कॉइलमध्ये येते. तोच द्रव, तीच वाफ, वर्षानुवर्षे. रबरी नळ्यांतून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात हे खरे. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या गाडीत तो थोडा कमी भरला तर नवल नाही. पण चार महिन्यांत रिकामा होत असेल, तर कुठेतरी भोक आहे. दुसरा अर्थच नाही. 'संपला' या शब्दाने ते भोक चौदा महिने झाकून ठेवले होते.

दादाने गाडी चालू न करता गेज लावला. काटा बऱ्यापैकी वर गेला. अण्णा खूश झाले, "म्हणजे गॅस आहे की!" दादा हसला. बंद गाडीत हा काटा गॅस किती आहे ते सांगत नाही, आज ऊन किती आहे ते सांगतो. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला, तरी त्याच्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो. तीस अंशांना साधारण सत्त्याण्णव पौंड, चाळीसला एकशे तेहतीस. शंभर ग्रॅम असो की चारशे ग्रॅम, काटा तोच. चालू गाडीत दाबावरून अंदाज येतो, पण तोही बाहेरच्या उन्हाप्रमाणे हलतो. म्हणून डब्यावरच्या रंगीत तबकडीवर विसंबून गॅस भरणारा माणूस खरे तर डोळे झाकून भरत असतो. जास्त झाला तरी गारवा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गॅस दाबाने मोजायचा नसतो, वजनाने मोजायचा असतो. किती हवा ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. आमच्या गाडीच्या पट्टीवर ४५० ग्रॅम होते. चौदा महिन्यांत ती पट्टी कोणी वाचली असेल असे तिच्यावरच्या धुळीवरून तरी वाटले नाही.

मग भोक शोधणे. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते, कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी. गॅस गळतो तिथे तेलाचा ओलावा राहतो आणि त्यावर धूळ बसते. आमच्या रस्त्यांवर धुळीला तोटा नाही, तेव्हा निदान सोपे होते. कंडेन्सरला जिथे नळी जोडते त्या सांध्यावर रुपयाएवढा काळा, चिकट डाग होता. दादाने वाटीत भांड्यांचा साबण कालवला, ब्रशने त्या सांध्यावर फेस लावला आणि आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळाने एक बुडबुडा आला. टिचभर. फुगला, फुटला. मग दुसरा. चौदा महिने, तीन बिले आणि आजीच्या किती दुपारी त्या बुडबुड्यातून गेल्या होत्या.

इथे जरा थांबून या गॅसची जन्मकथा सांगायला हवी, कारण ती एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असत; गळती झाली की माणसे दगावत. टॉमस मिजली नावाच्या अमेरिकन संशोधकाने त्यावर उपाय म्हणून क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणले. १९३० साली त्याने शास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेट घेत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी आणला. त्याचा बराचसा पसारा डिकीत असे आणि तो बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे.

त्या निरुपद्रवी वायूचे खरे रूप १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले. जमिनीवर तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून तो टिकतो, वर जातो, आणि तिथे त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगापुढे आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना १९९५ मध्ये क्रुट्झन यांच्यासह नोबेल मिळाले. दर १६ सप्टेंबरला महाविद्यालयांतून जी ओझोन दिनाची भित्तिपत्रके लागतात त्यांचा उगम हा. मोटारींत मग आर-१३४ए हा वायू आला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला त्रास नाही. पण तोही साधा नाही. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर त्याचा एक किलो वातावरण तापवण्यात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असल्या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. युरोपात तर २००६ चा नियमच आहे, की मोटारीच्या एसीतून नेहमीपेक्षा जास्त गॅस गळला असेल, तर गळती दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही.

मला गणिताची आवड नाही, तरी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. ४५० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर तो जवळजवळ ६४० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो. म्हणजे हे झाले सुमारे २८० लिटर पेट्रोल. आमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते, नाशिकची जाऊन-येऊन खेप पंचावन्न किलोमीटरची. तेव्हा या झाल्या पंचाहत्तर खेपा. आठवड्याला तीन धरल्या तर सहा महिने. आजीला सहा महिने नाशिकला नेऊन आणताना आमच्या गाडीचा धूर जितके तापवतो, तितकेच एकदा भरलेला गॅस गळून तापवतो. गारव्यासाठी म्हणून भरलेला! हे वाचून दाखवले तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी घरपोच आलेला तो डबा उचलून फडताळात ठेवला.

मोठ्या शीतगृहांतून अजूनही अमोनिया वापरतात. तो गळला की नाकाला आणि डोळ्यांना लगेच कळते, माणसे पळतात. गाडीतल्या वायूचा तसा भास होत नाही. वास नसणे हा त्याचा गुण म्हणून गौरवला गेला. माझ्या मते मिजलीच्या मेणबत्तीइतकाच तो गुणही महागात पडला आहे. ज्याचा वास येत नाही तो गळला तरी आपण त्याला 'संपला' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

असो. अंगणात परत येते. सांधा उघडायचा, तर आतला उरलेला गॅस काढावा लागणार. तो हवेत सोडून देणे सर्वांत सोपे, आणि बरेच जण तेच करतात. दादाने रसवंतीवरून बर्फ आणवला, आतली हवा काढून टाकलेला रिकामा सिलिंडर बादलीत बर्फात ठेवला आणि नळी जोडली. गरम गाडीतला गॅस आपोआप थंड सिलिंडरात जाऊ लागला. यासाठी यंत्र असते, पण ते पुण्याला होते. सगळा गॅस या युक्तीने येत नाही, बराचसा येतो. त्याने आम्हाला लांब उभे केले आणि स्वतः चश्मा आणि हातमोजे घातले. हा द्रव उघड्यावर उणे सव्वीस अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. डबा चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर फुटायचा. घरी गॅस भरण्याच्या उत्साहात या दोन गोष्टी फार जण लक्षात घेत नाहीत.

सांध्यातली रबरी कडी काढली. तिला ओ-रिंग म्हणतात. एका बाजूने चपटी, चिरलेली, कडक. नवी कडी काही रुपयांना मिळते. तेलाचे बोट लावून ती बसवली. मग आला व्हॅक्यूम पंप. पाऊण तास तो घरघरत होता. आतली हवा काढायची आणि हवेबरोबर ओलसरपणाही. निर्वातात पाणी साध्या तापमानालाच उकळते, म्हणून ते वाफ होऊन निघून जाते. राहिले तर झडपेत बर्फ धरते, तेलाशी मिसळून आम्ल होते आणि आतून धातू खाते. डब्याने भरताना हा भाग बहुधा वगळलेलाच असतो. काही डब्यांत गळती बुजवणारे रसायन घातलेले असते, त्याने नको ती वाटही बुजू शकते. पंप बंद करून दादा अर्धा तास नुसता काट्याकडे पाहत बसला. काटा हलला असता, तर पुन्हा शोधाशोध. हलला नाही.

वजन करायला काटा हवा होता. तो आमच्याकडे होताच : द्राक्षे पॅक करताना वापरतो तो, पाच ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा. ज्या काट्यावर जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षे मोजली, त्यावर मे महिन्यात गॅसचा सिलिंडर उभा राहिला. नळीतून गॅस जाऊ लागला तसे आकडे उतरू लागले. मी आकडे वाचत होते, दादा झडप फिरवत होता. आजी ओट्यावर बसून हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, "मलाबी असंच काट्यावर उभं करत्यात." खरेच आहे. डायलिसिसच्या आधी आणि नंतर तिचे वजन करतात आणि अंगात किती पाणी साठले ते त्यावरून ठरवतात. सूज डोळ्यांना दिसते, पण किती काढायचे ते काटाच सांगतो.

४५० ला दादाने झडप बंद केली. डॅशबोर्डच्या जाळीत तापमापक खोचला. बाहेर छत्तीस अंश होते, जाळीत दहा मिनिटांनी नऊ. आजीला पुढच्या सीटवर बसवून गावातून एक फेरी मारली. पुलापर्यंत गेलो तोच ती म्हणाली, "बंद कर रं जरा, हुडहुडी भरली." निफाड तालुक्याची बाई ती. पौषात द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्री जागवलेल्या.

घरी गॅस भरावा की नाही, असे मला कोणी विचारले तर जागेचा प्रश्नच नाही असे सांगेन. आमचे काम अंगणातच झाले. तिन्ही बिले मात्र रीतसर गॅरेजातली होती. पंप, काटा आणि भोक शोधायची तयारी असेल तर अंगण पुरते. शिकलेला हात मात्र हवा. नुसता डबा आणि रंगीत तबकडी असेल, तर कुठेही भरा, तो निघून जाणारच.

अण्णा गाडीच्या खर्चाची वही ठेवतात. तिच्यात तीन ठिकाणी 'एसी गॅस संपला, भरला' अशी नोंद आहे. चौथ्या नोंदीत कंडेन्सरचा सांधा, ओ-रिंग आणि ४५० ग्रॅम एवढे लिहिले आहे. मे गेला, जून गेला. पावसात काचांवर धुके धरते तेव्हा एसी लावतो आणि तो अजून गार आहे. पुढच्या एप्रिलमध्ये दादा काटा घेऊन येणार आहे. आजीचे चालूच आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेसातला निघतो.